वकीलसाहेबांच्या गाडीचा करंट

ठिणगी निळी पडली पाहिजे. निळी, जाडी, आणि चट् असा आवाज करून. पिवळी, बारीक, मुकाट पडली की समजायचं, करंट वाटेत कुठेतरी गळतोय. आयुष्यात मला एवढं एकच काम नीट येत होतं, पण ते असं येत होतं की परळपासून भायखळ्यापर्यंत जुनी इंग्रजी गाडी अडली की लोक आमच्या गॅरेजात येऊन मला विचारायचे. उगाच नम्रपणा करत नाही. नम्रपणा करून काय मिळतं ते मी बघितलंय.

गॅरेज परळला, एका गिरणीच्या मागच्या गल्लीत. मी घोडपदेवच्या चाळीतून रोज चालत यायचो. मालक साताऱ्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण हे कौतुक समजू नका, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान वाईट नसलेल्या माणसांनीच केलंय. आम्ही तिघे कामाला होतो. एक म्हातारे मेस्त्री, एक मी, आणि माझ्याच वयाचा एक मालवणी फिटर. तो लालबागचा, माझा दोस्त. गॅरेजात मेस्त्री म्हणजे ज्याचा शब्द शेवटचा. तो गाडी ऐकतो, खोट कुठे आहे ते सांगतो, आणि बाकीचे पाने घेऊन कामाला लागतात. म्हाताऱ्यांना आता डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. दिवाळी झाली की ते कायमचे गावी जाणार होते. आणि मालकांनी एकदा नाही, दोनदा, चारचौघांत मला सांगितलं होतं, "यांच्या मागे मेस्त्री तूच."

तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. आमच्या खोलीत ती फार मोठी गोष्ट होती. आमच्या समाजातला माणूस मेस्त्री आणि त्याच्या हाताखाली दुसऱ्या जातीचे फिटर, असं त्या गल्लीतल्या एकाही गॅरेजात नव्हतं. माझ्या बायकोने तर नळावर आधीच "आमचे मेस्त्री" म्हणायला सुरुवात केली होती आणि मी तिच्यावर खेकसलो होतो, की अगं बाई, होऊ तर दे. खेकसलो, पण आतून गुदगुल्या झाल्या होत्या. मला ती जागा हवी होती. मरणाची हवी होती.

आता वकीलसाहेब. आमचं जुनं गिऱ्हाईक. शिवाजी पार्कच्या मैदानासमोर त्यांचा ब्लॉक, आणि दारात एक काळी, पायदानवाली, चार सिलिंडरची गाडी, लढाईच्या आधीची. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तेव्हा मुंबई तापली होती. वकीलसाहेब कोर्टातून आले की काळा कोट उतरवायचे, गाडीच्या टपावर कर्णा बांधायचे आणि गिरगाव, दादर, लालबाग असे गल्लोगल्ली फिरायचे. आवाज असा, की कर्ण्याची गरजच नव्हती. आमच्या घोडपदेवला येऊन ते बोलले तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. म्हणाले, जातपात पुरून टाका, आता आपली जात एकच, मराठी. मी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. मोर्चात गुडघ्यावर लाठी खाल्ली तीही हसत खाल्ली. तो गुडघा आजही ठणकतो.

आदल्या वर्षी आमचा सगळ्यांचा बाप गेला आणि त्याच दिवसांत आम्ही, म्हणजे मी, बायको, माझा बा, आख्खी चाळ, बौद्ध झालो. वकीलसाहेबांना मी ते सांगितलं तर त्यांनी भर रस्त्यात मला मिठी मारली. ग्रीसने भरलेले हात होते माझे. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग पडला तरी हसत राहिले. त्यानंतर सभेला गाडी घेऊन गेलो की लोकांना ओळख करून द्यायचे, "हे आमचे बौद्ध बंधू. गाडीचे डॉक्टर." मी फुगायचो. गाढव होतो, दुसरं काय! त्या गाडीसाठी रविवार सोडले, सण सोडले. टाकीतलं पेट्रोल काढायचं असलं की रबरी नळी तोंडात धरून मीच ओढायचो, दोन गुळण्या पोटात जायच्या, दिवसभर ढेकर पेट्रोलचे.

मग त्या वर्षीचा दसरा आला. खंडेनवमीला गॅरेजात पाने, जॅक, पंप सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. मी माझी पेटी मांडली नाही. मालकांना सांगितलं, आता आम्ही हे करत नाही. ते म्हणाले, "बरं, नको मांडूस. पुसून तरी ठेव." मी पुसून ठेवली. कुणी वाद घातला नाही, टोमणा मारला नाही. मला बरं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांचा ड्रायव्हर धापा टाकत आला. गाडी सुरू होत नाही, संध्याकाळी गिरगावात सभा आहे, साहेबांनी ताबडतोब बोलावलंय. मी पेटी उचलून ट्रामने दादरला गेलो.

गाडी फाटकाच्या आत उभी होती, बॉनेट उघडं. भोवती बिल्डिंगमधली पाचसहा रिकामी माणसं, प्रत्येकाला इंजिनाचं ज्ञान फुटलेलं. वकीलसाहेब घड्याळ बघत होते. त्यांच्या आई पायरीवर उभ्या होत्या. सत्तरी उलटलेल्या, स्वभावाने प्रेमळ, मला नेहमी "बाळा" म्हणायच्या. मी वाकून बघतो तर इंजिनावर झेंडूची माळ, कॉइलला कुंकवाचं बोट, अक्षता पार खालपर्यंत सांडलेल्या.

"आई, पूजा चाकाची करतात ना?" मी हसत म्हणालो.

"दरवर्षी चाकाचीच करते रे. पण हा हल्ली हिंडतो, गाडीवर दगड येतात. जीव टांगणीला लागतो बघ. म्हणून म्हटलं, यंदा आतल्या यंत्राचीही करू. नारळ फोडून पाणी घातलं सगळीकडे." मग सहज विचारलं, "तुम्ही केलीत ना परवा हत्यारांची पूजा?"

"नाही आई. आम्ही आता बौद्ध ना, आम्ही नाही करत."

"असं होय," म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

पाणी म्हटल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण मी अंदाजावर काम करत नाही. एकेक बाजूला करत जायचं. हॉर्न वाजवून बघितला, दिवे लावून बघितले, म्हणजे बॅटरी दमदार. पेट्रोल पोचत होतं. मग कॉइलमधून येणारी जाड वायर कॅपमधून उपसली. कॅप म्हणजे ते काळं झाकण, जिथे करंट येतो आणि चार प्लगांना वाटला जातो. वायरचं टोक इंजिनापासून पाव इंचावर धरलं आणि ड्रायव्हरला हँडल मारायला सांगितलं. चट्! निळी, जाडी. म्हणजे कॉइल चांगली, करंट कॅपपर्यंत जोरात येतोय. वायर जागेवर बसवली आणि आता पहिल्या प्लगची वायर काढून तशीच धरली. पिवळी. बारीक. दुसऱ्याला तीच, तिसऱ्याला तर पडतच नव्हती. कॅपच्या आधी निळी, कॅपच्या नंतर पिवळी. खोट कॅपमध्ये, दुसरीकडे कुठे असूच शकत नाही.

मी किल्ली बंद करायला लावून कॅप काढली. आतून स्वच्छ. रोटर ठीक. पण वर, वायरी जिथे खोबणीत बसतात तिथे, बोटाला चिकट लागलं. काळ्यावर काळं, डोळ्याला काही दिसेना. म्हाताऱ्या मेस्त्रींनी मला शिकवलं होतं, डोळ्याला कळलं नाही तर नाकाला विचार, नाकाला कळलं नाही तर जिभेला. तेलात पेट्रोल उतरलंय का, रेडिएटरचं पाणी कुठे झिरपतंय, सगळं आम्ही चाखून बघायचो. मी ते बोट जिभेला लावलं. खात्री व्हावी म्हणून दुसऱ्या खोबणीत बोट फिरवलं आणि पुन्हा लावलं.

"गोड!" मी ओरडलो. "नारळाचं पाणी! वाळून बसलंय वरती. सगळा करंट त्याच्यावरून पळतोय, प्लगला जाईल कसा?"

मला एवढा आनंद झाला होता की काय सांगू. असा बिघाड दहा वर्षांत पाहिला नव्हता. वकीलसाहेब तर टाळी देऊन हसायला लागले. "बघ आई, तुझ्या भक्तीने सभा बुडत होती!" भोवतालची माणसं खो-खो हसली, मीही हसलो. हसता हसता पायरीकडे नजर गेली. आई हसत नव्हत्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मग आत निघून गेल्या.

मी कॅप पेट्रोलने धुतली, फडक्याने कोरडी केली, खोबणी न् खोबणी पुसली. पहिल्याच हँडलला गाडी उठली. वकीलसाहेबांनी पाठीवर थाप मारली. चहा आला, कपबशी चांगली नक्षीची. मी तो चहा अगदी सावकाश प्यालो, आणि परत येताना ट्रामच्या दारात उभा राहून मनाशी म्हणालो, आता दिवाळी आलीच.

तीन दिवसांनी मालकांनी मला बाहेर बोलावलं. बाहेर म्हणजे गल्लीत, जिथे दुसरं कुणी ऐकणार नाही. "वकीलसाहेबांच्या गाडीला यापुढे तू हात लावू नकोस," म्हणाले. "ते काम मालवण्याला दे."

मला वाटलं गाडी पुन्हा बंद पडली. "का? काय बिघडलं?"

"गाडीला काही झालेलं नाही. तू पूजेच्या जागी थुंकी लावलीस म्हणे. त्यांच्या आईने दोन दिवस अन्न घेतलेलं नाही. भटजी बोलावून गाडी शुद्ध करून घेतली."

तोंडात बसल्यासारखं झालं मला. शुद्ध! पत्र्याचं इंजिन, काजळी आणि तेल, आणि ते शुद्ध करायला गोमूत्र शिंपडलं लोकांनी. शिंपडलं तर शिंपडलं, निदान कॅपवर नाही ना शिंपडलं, हा विचार त्याही वेळी माझ्या डोक्यात आला, एवढा मी वेडा. मग राग आला. मी म्हणालो, "मालक, त्या गाडीचं पेट्रोल मी तोंडाने ओढत होतो तेव्हा टाकी नाही का बाटली?"

"मला काय सांगतोस? मी मानतो का असलं? पण गिऱ्हाईक आहे. आणि त्यांच्या ओळखीने आणखी चार गाड्या येतात." आत वळता वळता म्हणाले, "मेस्त्रीचंही जरा दिवाळीनंतर बघू. घाई नको."

मेस्त्रीचंही. एका वाक्यात गेलं ते. पाया पडायचं माझ्या रक्तात नाही, शिवी द्यायची हिंमत झाली नाही. मी आत जाऊन एका ट्रकचं चाक खोलत बसलो आणि नट इतका पिळला की बोल्टाचे आटेच गेले असते.

पण मला वाटत होतं, वकीलसाहेबांना हे ठाऊक नसणार. आईने परस्पर केलं असणार. माणूस किती मूर्ख असावा! दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. गाडी नाक्यावर उभी केली होती, गॅरेजपर्यंत आणली नव्हती. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "हे बघ, माझ्या मनात काही नाही. तुला माहीत आहे मी कसा आहे तो. पण आईचं वय झालं. तिला दुखवून काय मिळणार?"

"साहेब, तुम्ही सांगायचं त्यांना. मी काय चूक केली? बिघाड शोधला."

"चूक कुठे म्हणतोय मी? उलट तुझी कमालच होती. पण सध्याचे दिवस बघ. आत्ता घराघरातली माणसं आपल्या बाजूला धरून ठेवायचीत. असले विषय आत्ता काढले तर फाटाफूट होईल. आधी महाराष्ट्र मिळू दे. मग हे सगळं आपण दोघं मिळून निपटून काढू."

मी म्हणालो, "आणि माझी जागा? मेस्त्रीची?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. चेहरा पडला त्यांचा. "त्याबद्दल मी बोलतो मालकांशी," म्हणाले. बोलले नाहीत. त्या माणसाला गल्लीच्या टोकाचा पोलीस घाबरवू शकत नव्हता, लाठीमाराच्या पुढे छाती काढून उभा राहायचा, आणि आईपुढे आणि आमच्या मालकापुढे त्याची वाचा बसली. मला अजून कळत नाही, त्या छातीचा काय उपयोग.

घरी मी कुणाला सांगणार नव्हतो. पण जेवताना भाकरी तशीच हातात राहिली, तेव्हा बाने विचारलं. बा माझा पस्तीस वर्षं गिरणीत सूत कातायच्या बाजूला होता, पगार थोडा, फुप्फुसात कापूस. मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो मालकाला शिव्या घालील. तो माझ्यावरच उसळला.

"तोंड कशाला लावलंस? अरे, हात लावायचा, नाक लावायचं, तोंड कशाला लावलंस?"

"बा, काम आहे ते."

"काम मला शिकवतोस? मला मागावर जायचं होतं, साळखात्यात. पगार दुप्पट होता. का नाय घेतला मला? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यायला लागतो म्हणून. तोच धोटा उद्या दुसरा विणकर तोंडाला लावणार, मग आमची थुंकी कशी चालंल? पस्तीस वर्षं मी त्या खात्याच्या दारातनं आत बघितलं. म्हणून तुला गिरणीत नाय घातला. म्हटलं, मोटारीचं काम शिकंल, तिथं तोंडाचं काम नसतं." त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर हळूच म्हणाला, "आणि तू जाऊन चाखलंस, गाढवा."

बायको उठून त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.  त्या दिवसापासून नळावर "आमचे मेस्त्री" म्हणणंही तिने बंद केलं, मी न सांगता.

दिवाळी झाली. म्हातारे मेस्त्री गावी गेले. जागा मोकळी होती आणि मालक रोज म्हणायचे, बघू. मी गप्प राहून काम करत होतो, कारण आशा ही भलती चिवट गोष्ट. मनात म्हणायचो, कुणालातरी करावंच लागेल मेस्त्री, आणि करंटचं काम माझ्याशिवाय येतंय कुणाला?

थंडीचे दिवस होते. संध्याकाळी शिवाजी पार्कला मोठी सभा होती आणि दुपारपासून वकीलसाहेबांची गाडी लालबाग-परळ भागात ओरडत फिरत होती. चारच्या सुमाराला ती आमच्याच गल्लीच्या तोंडाशी फटफट करत, गचके खात आली आणि थांबली. ढकलत गॅरेजात आणावी लागली. मी माझी पेटी उचलली. सवयीने उचलली. मालकांनी नुसता हात वर केला, आणि मी बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिलो.

आई गाडीत नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. आई दोन-अडीच मैलांवर घरी होत्या. त्यांना कधी कळलंही नसतं.

माझा दोस्त बॉनेटमध्ये वाकला. पंधरा मिनिटं त्याने प्लग काढले, पुसले, घातले. वकीलसाहेब येरझारा घालत होते, सहाला सभा. दोस्ताच्या कपाळावर घाम आला. इंजिनावर त्याचा हात बसला होता, ब्रेकवर बसला होता, करंटवर नव्हता आणि त्याला ते माहीत होतं. शेवटी मालक माझ्याजवळ आले आणि भलतीकडे बघत म्हणाले, "तू हात नको लावूस. इथूनच सांग त्याला."

तोपर्यंत दोस्तही हात पुसत फुटपाथवर आला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सांगू नको, रे. जाऊंदे तेंची सभा. बोंबलूंदेत."

खरं होतं त्याचं. नुसतं "मला काय ठाऊक" म्हणायचं, की काम झालं असतं. किंवा उलटंसुलटं सांगायचं, कॉइल बदल, बॅटरी बदल, तासभर नाचवायचं. वकीलसाहेब माझ्याकडे बघत होते आणि मी बघितल्यावर त्यांनी मान वळवून घड्याळाला किल्ली द्यायला घेतली. मला त्या माणसाचा तिरस्कार वाटला. आतड्यातून वाटला. आणि ड्रायव्हरने तेवढ्यात हँडल मारलं, इंजिन दोनदा खोकून मेलं, आणि तो आवाज ऐकून माझं तोंड आपोआप उघडलं.

"प्लग सोड," मी ओरडलो. "कॅप काढ. किल्ली चालू ठेव आणि आतला पॉइंट स्क्रूड्रायव्हरने उघड-मीट कर. ठिणगी पडतेय?"

"पडता!"

"केवढी?"

"मोठी आसा, रे! जाडी!"

"तिथे मोठी पडायला नको. तिथे जेमतेम दिसली पाहिजे. आता जाड वायर इंजिनापाशी धर. ती कशी?"

"पिवळी. बारीक."

"कंडेन्सर गेला. पॉइंटच्या बाजूला बोटाएवढी डबी आहे, एक स्क्रू. तो काढ. माझ्या पेटीत वरच्या खणात नवा आहे."

पेटी माझ्या पायाशी होती. त्याने येऊन ती उघडली, कंडेन्सर घेतला, माझ्याकडे बघितलं नाही. वायर उलटी लावायला निघाला तेव्हा मी फुटपाथवरून सांगितलं, पॉइंट पुसायला सांगितला, गॅप किती ठेवायची ते सांगितलं. वीस पावलांवरून. गल्लीतली माणसं गंमत बघायला जमली होती आणि त्यांना वाटत होतं मी फार मोठा माणूस आहे, जागेवरून हुकूम सोडतोय.

गाडी उठली. एकसारखी, गोड चालली. वकीलसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझ्या दोस्ताचा हात हातात घेतला. "वाचवलंत, मेस्त्री," त्याला म्हणाले.

मेस्त्री! मालक तिथेच उभे होते.  दोस्ताने एकदा तोंड उघडलं, मालकांकडे बघितलं आणि मिटलं. त्याला दोन पोरं होती, तिसरं वाटेवर होतं. मी त्याला दोष देत नाही. देतो, खरं म्हणजे, पण त्याच्या तोंडावर कधी दिला नाही.

वकीलसाहेब पायदानावर पाय ठेवून वळले. "पुन्हा नाही ना बंद पडणार, वाटेत?" दोस्ताला विचारलं. तो गोंधळला. त्याला काय ठाऊक!

"नाही पडणार, साहेब," मी फुटपाथवरून म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. कर्णा सुरू झाला, सगळ्या मराठी बंधू-भगिनींना शिवाजी पार्कवर येण्याचं आवाहन करत गाडी गल्लीबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी मालकांनी माझ्या दोस्ताला मेस्त्री केलं. पेढे वाटले, मीही खाल्ला.

मी आणखी चार वर्षं तिथेच होतो. जाणार कुठे? त्या गाडीला बोट लावलं नाही, आणि तिचा एकही बिघाड माझ्याशिवाय निघाला नाही. ती आली की मालक नुसते बघायचे, मी आपला उठून फुटपाथवर जाऊन उभा राहायचो. पुढे पुढे तर कुणी सांगायचीही गरज उरली नाही. महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी गाडी तोरणं बांधून मिरवायची होती. सकाळी आणली तेव्हा गचके खात होती. मी बाहेर फुटपाथवर उभा राहिलो, कान लावला आणि नव्या मेस्त्रीला सांगितलं, दोन नंबरची वायर बदल. त्याने बदलली.